रक्तदाबाचा नियम संगणकाला कसा शिकवतात?

रिसोडला माझ्याकडे येणाऱ्या एका शेतकरी गृहस्थांचा रक्तदाब १५६/९६ निघाला. गोळी चालूच होती. मी कागदावर लिहिले, ‘थोडा वाढलेला. मीठ कमी करा. पुढच्या महिन्यात पाहू.’ पुढच्या महिन्यात आकडा जवळपास तोच होता आणि मी पुन्हा तेच लिहिले. मग सोयाबीनची सोंगणी लागली आणि ते आलेच नाहीत. दिवाळीनंतर आले ते उजवा हात लुळा पडून, मुलाच्या आधाराने. मुलगा म्हणाला, “डॉक्टरसाहेब, बीपी वाढलेलाच होता, तर गोळी का नाही वाढवली?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

नियम मला ठाऊक होता, पण गर्दीत तो वेळेवर आठवला नाही. ही चूक जगभरचे डॉक्टर करतात. अमेरिकेतील डॉ. क्लेमेंट मॅकडॉनल्ड यांनी १९७६ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकाने आठवण करून दिली, तेव्हा डॉक्टरांनी ५१ टक्के प्रसंगी आवश्यक ती कृती केली. आठवण नव्हती, तेव्हा फक्त २२ टक्के प्रसंगी. डॉक्टर तेच, ज्ञान तेच.

मग सगळे नियम संगणकात का भरत नाहीत? कारण आमचे नियम माणसांसाठी लिहिलेले असतात. ‘रक्तदाब आटोक्यात नसल्यास औषध वाढवावे’ हे वाक्य डॉक्टरला पुरते, संगणकाला पुरत नाही. तो विचारतो, आटोक्यात म्हणजे किती? किती वेळा मोजला? रोग्याने गोळ्या रोज घेतल्या का? रोगी गर्भवती तर नाही ना? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तज्ज्ञांना आधी ठरवावे लागते. मग नियम असा होतो : रोगी प्रौढ आहे, गर्भवती नाही, महिनाभर गोळ्या नियमित घेतल्या आहेत, तरीही वरचा आकडा १४० किंवा अधिक, अथवा खालचा ९० किंवा अधिक आहे, तर औषधाची पुढची पायरी द्यावी आणि महिन्याने पुन्हा तपासावे. यात ‘थोडा वाढलेला’ या शब्दांना जागाच उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ पासून आपल्या मार्गदर्शक सूचना अशा पायरीपायरीने संगणकाला समजतील अशा रूपात देण्याचे काम हाती घेतले आहे.

आपल्याकडे याच्या जवळचे उदाहरण म्हणजे २०१७ साली सुरू झालेला भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे त्यात होते. औषधांच्या पायऱ्या राज्यवार ठरवून दिल्या गेल्या. ‘सिंपल’ नावाचे मोबाइल ॲप वापरले गेले. परिचारिका रोग्याच्या कार्डावरची खूण मोबाइलने वाचे, रक्तदाब आणि औषध नोंदवी. ठरलेल्या तारखेला कोण आले नाही, त्यांची यादी ॲप काढून देई आणि त्यांना फोन जाई. माझ्या रोग्याला सोंगणीच्या दिवसांत असा एक फोन गेला असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मात्र संगणक फक्त दिलेल्या आकड्यावर चालतो. एस.टी.तून उतरून उन्हातून चालत आलेल्या माणसाचा रक्तदाब लगेच मोजला, तर आकडा फुगलेला येतो आणि नियम बरोबर असूनही औषध चुकीचे ठरू शकते. शिवाय रोग्याला चक्कर येते का, गोळ्या परवडतात का, हे विचारणे डॉक्टरचेच काम आहे. अखेरचा निर्णय त्याचाच.

वाचकांच्या हातातही बरेच आहे. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी टाळा. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसा. हात टेबलावर, छातीच्या उंचीला असू द्या. दोनदा मोजायला सांगा आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. एखादी गोळी चुकली असेल तर तेही खरे सांगा. बरे वाटते म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

आणि आकडा १४०/९० च्या वरच राहत असेल, तर वही पुढे करून विचारा, “डॉक्टर, आता पुढे काय करायचे?” संगणक नसला तरी ही आठवण तुम्ही करून देऊ शकता. त्याचा राग येण्याचे आम्हा डॉक्टरांना काही कारण नाही.