पदवी आणि पदक यांच्यामधले मैदान

2 सप्टेंबर 2024 रोजी पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये दोन भारतीय अभियंते बॅडमिंटनच्या अंतिम सामन्यांत उतरले. आयआयटी मंडीचे पदवीधर नितेश कुमार यांनी ब्रिटनच्या डॅनियल बेथेलवर 21-14, 18-21, 23-21 अशी मात करून एसएल-3 गटाचे सुवर्णपदक पटकावले. एसएल-4 गटात सुहास यतिराज रौप्यपदकाचे मानकरी ठरले. टोकियोनंतरचे हे त्यांचे दुसरे रौप्य. मूळचे कर्नाटकातील हासनचे, सुरतकलच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले सुहास हे भारतीय प्रशासन सेवेत अधिकारी आहेत. दोनच दिवसांनी सांगली जिल्ह्यातील करगणीच्या सचिन खिलारी यांनी 16.32 मीटर गोळाफेक करून रौप्य मिळवले. तेही यांत्रिकी अभियंते असून स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना शिकवतात.

उच्चशिक्षित खेळाडूंच्या या यशात आपल्या विद्यापीठांचा वाटा किती, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो.

इतिहास पाहिला तर पॅरा क्रीडेचा जन्म रुग्णालयात झाला. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, डॉ. लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडव्हिल रुग्णालयाच्या आवारात जायबंदी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. 1972 मध्ये हायडेलबर्ग येथे भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून देणारे मुरलीकांत पेटकर हे 1965 च्या युद्धात जखमी झालेले जवान होते. बेंगळुरूच्या मालती होळ्ळा बँकेची नोकरी सांभाळून व्हीलचेअरवरून देशासाठी खेळल्या. 1995 मध्ये अर्जुन पुरस्कार आणि 2001 मध्ये पद्मश्री त्यांना लाभली. रुग्णालय, सैन्य आणि बँक यांनी या वाटचालीत आपापला भार उचलला. विद्यापीठाचे नाव त्यात क्वचितच येते.

याच बेंगळुरूत एप्रिल-मे 2022 मध्ये खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा भरल्या. वीस क्रीडाप्रकारांत योगासने आणि मल्लखांब यांनाही स्थान मिळाले, हे स्वागतार्हच. मात्र पॅरा क्रीडाप्रकार त्या यादीत नव्हते. 2023 च्या डिसेंबरमध्ये दिल्लीत खेलो इंडिया पॅरा स्पर्धा झाल्या, त्या स्वतंत्रपणे. अपंग विद्यार्थ्याने देशासाठी खेळावे, पण आपल्या महाविद्यालयासाठी खेळण्याची संधी त्याला नसावी, ही विसंगती नव्हे काय?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखून ठेवल्या आणि क्रीडासहभागाची जबाबदारीही शासनावर टाकली. प्रशासनात आयुष्य घालवल्यामुळे मला ठाऊक आहे की, प्रवेशाची टक्केवारी तक्त्यात भरता येते म्हणून तिची विचारणा होते. मैदानावर कोण उतरले, हे विचारणारा रकानाच नसतो.

प्रश्न केवळ खेळाडूंचा नाही. पॅरिसमध्ये 200 मीटर टी-12 शर्यतीत सिमरन यांनी कांस्यपदक मिळवले, तेव्हा मार्गदर्शक धावपटू अभय सिंह त्यांच्याबरोबर धावत होते. अशा सोबत्याला खेळाडूइतका वेग हवा. तरीही अंतिम रेषा त्याने खेळाडूच्या आधी ओलांडता कामा नये. एवढ्या वेगाबरोबर एवढा संयम अंगी बाणवणारे तरुण शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयांत घडवता येतील. भौतिकोपचाराचे विद्यार्थी, कृत्रिम अवयव बसवणारे तंत्रज्ञ आणि खेळाडूंचे गट ठरवणारे तज्ज्ञ यांचीही गरज तितकीच मोठी आहे.

रिओत 4, टोकियोत 19 आणि पॅरिसमध्ये 29 पदके अशी आपली चढती कमान आहे. ती टिकवायची तर आंतरविद्यापीठ स्पर्धांत पॅरा गट सुरू करावेत, मार्गदर्शक धावपटूच्या सरावाला शैक्षणिक श्रेयांक द्यावेत आणि विद्यापीठांच्या मूल्यांकनात या सहभागाची नोंद सक्तीची करावी. यासाठी नवे स्टेडियम लागत नाही. असलेल्या मैदानाला एक उतरंडीचा मार्ग आणि वेळापत्रकात एक तास पुरेसा आहे. नितेश, सुहास आणि सचिन यांनी आपली वाट स्वतः काढली. खेळाच्या तासाला वर्गातच बसून राहणाऱ्या विद्यार्थ्याकडूनही तेवढ्याच असामान्य जिद्दीची अपेक्षा ठेवणे न्यायाचे नाही.