'वातन' शब्दाचा अर्थ व उपयोग

शेततळ्यांत मासे पाळणारांस मिळणाऱ्या सूचनापत्रकांत 'वातन करावें' असें लिहिलेलें असतें. आमचे गांवच्या एका शेतकऱ्यानें याचा अर्थ 'वारा लागूं देणें' असा घेतला व तळ्याकांठचीं झुडपें तोडून तो स्वस्थ बसला. भाद्रपदांत चार दिवस आभाळ राहिलें. पांचव्या पहांटे मासे वर येऊन तोंडें वासूं लागले व उजाडेतों बहुतेक मेले. भाऊबंदांनीं विष घातलें, अशा संशयानें तो फिर्यादीस निघाला होता.

विष नव्हतेंच. वातन म्हणजे पाणी हवेंत उडवून वा घुसळून त्यांत प्राणवायु विरघळविणें. (ऑक्सिडीकरण ही गोष्ट निराळी, तेथें प्राणवायूचा पदार्थाशीं रासायनिक संयोग होतो, जसें लोखंडाचें गंजणें.) हवेंत प्राणवायु शेंकडा सुमारें 21 भाग असतो, परंतु 30 अंश सेल्सियसच्या एक लिटर पाण्यांत हवेंतून तो अवघा साडेसात मिलिग्रॅमच विरघळतो. उन्हांत शेवाळ त्यांत भर घालतें. रात्रीं मात्र तेंच शेवाळ, मासे व गाळांतील जंतु मिळून तो खर्च करितात. आमचे कारकुनी भाषेंत सांगावयाचें तर, आभाळ आलें कीं दिवसाची जमा घटते, रात्रीचा खर्च चालूच राहतो, आणि पहांटे शिल्लक सर्वांत कमी.

यास्तव अशा दिवसांत पाणी उडविणारें चाक मध्यरात्रीनंतर अवश्य चालवावें. तें नसल्यास पंपानें तळ्याचेंच पाणी उंचावरून तळ्यांत फवारावें, व त्या दिवशीं खाद्य टाकूं नये.