सोनेरी-रुपेरी वंशाची जपणूक

सुरतेच्या जरीची ओळख या मासिकाच्या वाचकांना नव्याने करून द्यावयास नको. उधना-लिंबायतच्या यंत्रमागांवर आपल्यापैकी कित्येकांचे संसार उभे राहिले. म्हणूनच कॅनरी या चिमुकल्या गाणाऱ्या पक्ष्याचे विणकरांशी जुने नाते आहे, हे वाचून मला त्याविषयी विशेष आपुलकी वाटली.

हा मूळचा अटलांटिक महासागरातील कॅनरी, मदीरा व अझोर्स बेटांवरील हिरवट पक्षी. सोळाव्या शतकात फ्लेमिश विणकर इंग्लंडातील नॉर्विच येथे आश्रयास आले. कॅनरी पाळण्याची हौस त्यांनीच तेथे नेली, अशी परंपरा आहे.

त्याच्या जुन्या जातींत ‘लिझर्ड’ विशेष मानाची. पाठीवर सरड्याच्या खवल्यांसारखी चंद्राकृती नक्षी आणि मस्तकावर फिकट टोपी. तिचे सोनेरी व रुपेरी असे दोन प्रकार असून, जोडी लावताना एक सोनेरी व एक रुपेरी घेण्याचा नेम आहे. दोन्ही सोनेरी घेत गेल्यास पुढील पिढ्यांचा पिसारा विरळ होतो, दोन्ही रुपेरी घेतल्यास भरड. रुप्याच्या तारेवर सोन्याचा मुलामा चढविणाऱ्या सुरती कारागिरास हा मेळ सहज उमगावा!

मादी रोज एक याप्रमाणे चार-पाच अंडी घालते. पाळणारा प्रत्येक अंडे काढून तेथे खोटे अंडे ठेवतो आणि चौथ्या दिवशी सर्व खरी अंडी परत ठेवतो. त्यामुळे सुमारे 14 दिवसांनी पिले एकदमच बाहेर पडतात व धाकटे पिलू उपाशी राहत नाही.

पिलाची पहिली पिसे गळाल्यावर नक्षी उमटते आणि पुढील वर्षी ती बिघडते. पंखाचे एखादे पीस तुटून नवे आले, तरी त्याचे टोक पांढरे येते. म्हणून प्रदर्शनातील मान एकाच हंगामाचा; पुढे वंश चालविणे हेच काम.

लिझर्डची आप्त असलेली ‘लंडन फॅन्सी’ ही जात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोपली. दुसऱ्या महायुद्धानंतर लिझर्डच्याही मोजक्याच जोड्या उरल्या होत्या. हौशी मंडळींनी एकत्र येऊन त्या वाचविल्या. लंडन फॅन्सीची चित्रे उरली, वर्णने उरली. पक्षी मात्र उरला नाही. वंश ग्रंथात टिकत नाही, तो घरातच टिकतो. परप्रांती राहून मुलांना मायबोली शिकविणाऱ्या आपणांस याची जाणीव अधिक असावी.