व्हायकिंग स्त्रीवेष : धातूने राखलेला पुरावा

व्हायकिंग स्त्रियांच्या वेषाविषयी जे काही निश्चितपणे सांगता येते, त्याचा मोठा भाग त्यांच्या अलंकारांच्या आश्रयाने टिकून राहिला आहे. सुमारे इ. स. ८०० ते १०५० या काळात स्कँडिनेव्हियातील वस्त्रे मुख्यतः लोकरीची व लिननची असत. अशी वस्त्रे ओलसर मातीत बहुधा कुजून जातात. परंतु जेथे वस्त्राला तांब्याच्या मिश्रधातूचा अलंकार लागून असतो, तेथे धातूपासून निघणारे क्षार सूक्ष्मजीवांना मारक ठरतात व तेवढेच कापड शाबूत राहते. लोखंडाच्या बाबतीत गंज धाग्याची जागा घेतो आणि विणीचा ठसा मागे ठेवतो.

या पुराव्याचे एक प्रमुख स्थळ म्हणजे स्वीडनमधील मेलारेन सरोवराच्या बेटावरील बिर्का हे व्यापारी नगर होय. यालमार स्टोल्पे यांनी १८७१ ते १८९५ या काळात तेथील सुमारे १,१०० थडग्यांचे उत्खनन केले. तेथील वस्त्रावशेषांचा आग्नेस येयर यांचा अभ्यास १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक थडग्यांत दोन्ही खांद्यांच्या खाली लंबवर्तुळाकार, घुमटासारख्या फुगीर ब्रोचांची जोडी आढळते. ब्रोचच्या पोकळीतील टाचणीवर कधीकधी कापडी बंदांचे फास शिल्लक असतात. त्यांवरून असे अनुमान निघते की, बाहेरील वस्त्र खांद्यांवरून येणाऱ्या बंदांनी या ब्रोचांना अडकविलेले असे व त्याखाली लिननचा, क्वचित बारीक चुण्यांचा, सदरा असे. दोन ब्रोचांमध्ये मण्यांच्या माळा असत. चाकू, सुईदाणी यांसारख्या वस्तूही त्यांना टांगीत. अंगावरील शालीसाठी तिसरा ब्रोच असे. इ. स. ९२२ मध्ये व्होल्गातीरी रूस लोकांना पाहणाऱ्या इब्न फदलान याने त्यांच्या स्त्रियांच्या वक्षावरील धातूच्या डब्यांचे वर्णन केले आहे. त्याचा संबंध काही अभ्यासक या ब्रोचांशी जोडतात.

तथापि, या पुराव्याच्या मर्यादा त्याच्या स्वरूपातच आहेत. कापड धातूलगत टिकते. म्हणून वस्त्राचा वरचा भाग कळतो, पण ते समोरून उघडे होते की शिवलेले, आणि किती लांब होते, याविषयी मतभेद आहेत. शिवाय अलंकारांवरून थडगे स्त्रीचे ठरवावयाचे व त्याच थडग्यावरून अलंकार स्त्रियांचे म्हणावयाचे, हे अनुमान चक्रात सापडते. बिर्का येथे १८७८ मध्ये खणलेले एक शस्त्रयुक्त थडगे दीर्घकाळ पुरुषाचे मानले गेले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय परीक्षणात ती व्यक्ती स्त्री असल्याचे आढळले.

सर्वांत मोठी उणीव अशी की, जिच्या अंगावर धातू नव्हता, तिचा वेष थडग्यातून जवळजवळ नाहीसाच झाला. म्हणूनच हेडेबी बंदराच्या गाळातील चिंध्यांचे मोल विशेष आहे. जहाजांच्या कामासाठी डांबरात भिजविलेल्या त्या जुन्या कपड्यांच्या तुकड्यांत रोजच्या वापरातील जाडेभरडे कापडही टिकले. थडग्यांवरून रेखाटलेले चित्र हे प्रामुख्याने संपन्न गृहिणींचे चित्र आहे. ते समग्र समाजाचे मानणे युक्त नव्हे.