प्रारण चिकित्सेची गुणवत्ता तपासणी

कर्करोगावर क्ष-किरण, गॅमा किरण इ. प्रारणांनी उपचार करताना ठरविलेली मात्रा रुग्णाला प्रत्यक्षात मिळते की नाही, याची उपचार करणाऱ्या विभागाबाहेरील यंत्रणेने केलेली पडताळणी म्हणजे गुणवत्ता तपासणी होय.

मात्रा कमी पडल्यास अर्बुदातील काही कोशिका जिवंत राहून रोग उलटतो; जास्त झाल्यास लगतच्या निरोगी ऊतकांना इजा होते व ती कित्येकदा वर्षांनी प्रकट होते. या दोहोंमधील वाव फार थोडा असतो. म्हणूनच प्रारण एकके व मापने यांसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७६ मध्ये मात्रेतील चूक ५ टक्क्यांच्या आत ठेवावी, अशी शिफारस केली.

शस्त्रक्रियेतील चूक बहुधा एका रुग्णापुरती असते; यंत्राच्या अंशनातील चूक त्या यंत्राखाली येणाऱ्या प्रत्येकाला भोवते. कोबाल्ट ६० चे अर्धायुष्य ५·२७ वर्षे असल्याने त्याची तीव्रता दरमहा सुमारे १·१ टक्का घटते व तदनुसार उपचाराचा वेळ वाढवावा लागतो. अमेरिकेतील कोलंबस (ओहायओ) येथील एका रुग्णालयात १९७४–७६ मध्ये ही घट आलेखावरून चुकीची काढण्यात आली आणि चारशेहून अधिक रुग्णांना जादा मात्रा मिळाली. यंत्रात बिघाड नव्हता. प्रत्यक्ष मापन तेवढे होत नव्हते.

विभागातील भौतिकीविज्ञ आयनीकरण कोठीच्या साहाय्याने नियमित मापन करतात. तथापि ज्या कोठीने अंशन केले तिनेच पडताळणी केल्यास कोठीतील दोष दोन्ही वेळी सारखाच राहतो आणि उघडकीस येत नाही. याकरिता मापक बाहेरचा असावा लागतो.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरण व जागतिक आरोग्य संघटना यांनी १९६९ मध्ये टपालाद्वारे अशी तपासणी सुरू केली. भारतात हे काम १९७० च्या दशकापासून भाभा अणुसंशोधन केंद्र करीत आले असून त्याचा संबंधित विभाग मुंबईत चेंबूरलगतच्या अणुशक्तीनगरात आहे. तेथून ऊष्मादीप्तिशील चूर्ण भरलेल्या लहान कुप्या रुग्णालयांकडे जातात. पाण्याच्या पात्रात ठरावीक खोलीवर कुपी ठेवून तिला १० × १० सेंमी. क्षेत्रात २ ग्रे मात्रा देण्यास सांगितलेले असते. परत आलेले चूर्ण तापविले असता त्यातून प्रकाश बाहेर पडतो. त्याच्या राशीवरून शोषलेली मात्रा कळते. प्रवासात मिळालेले प्रारण वजा करता यावे म्हणून एक कुपी न वापरता परत मागवितात. रुग्णालयाने सांगितलेली व मोजलेली मात्रा यांत ५ टक्क्यांहून अधिक तफावत निघाल्यास कारण शोधून पुन्हा तपासणी करतात. पद्धती साधी व स्वस्त आहे आणि दूरच्या जिल्ह्यातील एकुलत्या एका यंत्रालाही ती मुंबईतील मोठ्या रुग्णालयाइतकीच लागू पडते, हे तिचे खरे बळ.

कुपीला मात्र रुग्ण दिसत नाही. अर्बुदाची सीमा चुकीची आखली, रुग्णाची स्थिती रोज थोडी बदलली किंवा नोंदीत आकडा चुकला, तरी चूर्ण बिनचूक मात्रा दाखवील. हे दोष हुडकण्यासाठी तज्ञांनी प्रत्यक्ष येऊन मनुष्यबळ, उपकरणे व रुग्णांची टिपणे पाहावी लागतात. त्याची रूपरेषा उपर्युक्त अभिकरणाने २००७ मध्ये प्रसिद्ध केली. त्या भेटीत वैद्य, भौतिकीविज्ञ व तंत्रज्ञ असे तिघेही असतात. नियामक मंडळाच्या निरीक्षणाहून ती निराळी आहे. तिच्यात परवाना रोखण्याचा अधिकार नसतो, त्यामुळे चुका मोकळेपणाने दाखविल्या जातात.