जवळा कोणाच्या घराण्यातला?

सुट्टीहून बहरीनला परतणाऱ्या कोकणी कुटुंबाच्या सामानात लोणची-पापडांच्या खाली एक पुडके बहुधा असतेच. चार पिशव्यांत बांधले तरी त्याचा वास लपत नाही. तो असतो सुका जवळा! मग एखाद्या शुक्रवारी कांदा-कोकम घालून जवळा परतला जातो, भाकऱ्या थापल्या जातात आणि पंगतीत असा संवाद रंगतो.

“वहिनी, मला नको. कोळंबी खाल्ली की माझे ओठ सुजतात.”

“भावजी, ही कुठे कोळंबी? हा तर जवळा!”

तेवढ्यात तिसरे कोणी म्हणते, “जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लेच की!”

वाचकहो, यात वहिनीही चुकतात आणि तिसरा पाहुणाही चुकतो.

आधी पिल्लांचे पाहू. आपल्या मनामाच्या बाजारात मिळणारी कोळंबी, म्हणजे इथला ‘रुबियान’, बालपणीचे काही आठवडेच पाण्यात तरंगत काढते. पुढे ती उथळ पाण्यातल्या समुद्रगवतात उतरते आणि तळाशी राहू लागते. जवळा मात्र जन्मभर प्रवाहाबरोबर वाहत राहतो. अशा तरंगत्या जीवांना शास्त्रात ‘प्लवक’ म्हणतात. दोन-तीन सेंटीमीटरचा जवळा हा पूर्ण वयात आलेला, अंडी घालणारा प्राणी असतो. तो मोठा होऊन कोळंबी होत नाही.

त्याला शास्त्रीय नाव मिळाले १८३० साली. आंरी मिल्न-एडवर्ड्स या प्राणिशास्त्रज्ञाने गंगेच्या मुखाकडील नमुन्यांवरून ‘ॲसिटिस इंडिकस’ ही जाती वर्णिली. पुढे या प्रजातीत आणखी जातींची भर पडली आणि १९७५ साली जपानच्या माकोतो ओमोरी यांनी त्या सर्वांचा तपशीलवार आढावा घेतला. या जाती दिसायला इतक्या सारख्या, की शेपटीवरचे तांबडे ठिपके आणि नराच्या प्रजनन-अवयवाची ठेवण सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच त्या ओळखाव्या लागतात.

काहीजण जवळ्याला ‘क्रिल’ म्हणतात. तेही बरोबर नाही. क्रिलचे कल्ले कवचाबाहेर उघडे दिसतात, जवळ्याचे कवचाखाली झाकलेले असतात. म्हणून क्रिलचा गण निराळा. जवळा मात्र कोळंबी-खेकड्यांच्या ‘दशपाद’ गणातला. नाव दशपाद, पण चालण्याच्या पायांच्या शेवटच्या दोन जोड्या या प्राण्यात जवळजवळ लोपल्या आहेत! या गणातही फांद्याफांद्यांचे कल्ले असलेला आणि अंडी पोटाशी न बाळगता पाण्यात सोडून देणारा एक उपगण आहे. जवळा आणि रुबियान दोघेही त्यातलेच. कुले वेगळी, पण भाऊबंदकी जवळची.

हे घराणे ठाऊक असण्याचा उपयोग काय? वसई, अर्नाळा, वर्सोव्याकडे भरती-ओहोटीच्या ओढीवर डोल जाळी लावून जवळा पकडतात. जवळा हे कुणाचे पिल्लू नसल्यामुळे तो पकडला म्हणून कोळंबीचा वंश खुंटत नाही. पण बारीक आसाच्या त्या जाळ्यात इतर माशांची खरीखुरी पिल्लेही सापडतात, आणि बोंबलासारख्या माशांचे तर जवळा हेच मुख्य अन्न. तेव्हा जवळ्याचा हिशेब कोळंबीच्या खात्यात न मांडता स्वतंत्रपणे ठेवायला हवा.

आता पुन्हा पंगतीकडे वळू. कोळंबी बाधते ती बहुधा तिच्या स्नायूंतील ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे. हे प्रथिन सर्वच कवचधारी भाऊबंदांत थोड्याफार फरकाने सारखे असते, आणि वाळवल्याने किंवा शिजवल्याने नाहीसे होत नाही. म्हणजे कोळंबीने ओठ सुजणाऱ्याला जवळाही बाधू शकतो. कधी श्वास कोंडण्यापर्यंत वेळ येते. वैद्यकीय सल्ल्याशिवाय अशा पाहुण्याने जवळा चाखूनही पाहू नये.

तेव्हा वहिनी, आग्रह जरूर करा, पण भावजींच्या पानात जवळ्याऐवजी बटाट्याची भाजी वाढा!