पहारा आणि पाठराखण

मावळातला पाऊस पाहायला सारी दुनिया येते; इथल्या आईबापांना मात्र जून लागला की धाकधूक सुरू होते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली ५ माणसे वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळून ४ जण दगावले. अशा मुलखात ‘पोरगं आत्ता कुठे असेल?’ हा प्रश्न संशयाचा नसतो, काळजीचा असतो.

आमच्या चिरंजीवांनी काळजीपोटीच आपल्या १७ वर्षांच्या मुलाच्या मोबाईलमध्ये, त्याला न सांगता, एक अॅप बसवले. गेल्या पावसाळ्यात नातू मित्रांबरोबर राजमाचीला निघाला. बापाच्या मोबाईलवरचा ठिपका तुंगार्लीच्या पुढे सरकला आणि थांबला. एक तास गेला, तीन तास गेले. सूनबाईंनी देव पाण्यात घातले. संध्याकाळी स्वारी चिखलाने माखून, हसत दारात हजर! ‘अरे, ठिपका हलत नव्हता रे!’ आईच्या तोंडून निघून गेले आणि बिंग फुटले.

झाले होते इतकेच की, फोनला आपली जागा उपग्रहांवरून कळते, पण ती घरी कळवायला मोबाईलची रेंज लागते. रानात रेंज नसली की ठिपका शेवटच्या जागी खिळून राहतो.

अशा अॅपला एकदा परवानग्या दिल्या, की फोन कुठे आहे, कुणाशी बोलणे झाले, कोणते अॅप किती वेळ वापरले, ही माहिती ते गोळा करते. ती आधी कंपनीच्या संगणकावर जाते, मग बापाला दिसते. म्हणजे घरची वही तिऱ्हाइताच्या कपाटात! २०२४ साली ‘एमस्पाय’ या अशाच अॅपच्या लाखो गिऱ्हाइकांची माहिती फुटली. चोरून पाहणारेच उघडे पडले.

गूगलने ऑक्टोबर २०२० पासून आपल्या प्ले स्टोअरसाठी नियम केला, की मुलांवर किंवा नोकरांवर नजर ठेवणारे अॅप चालेल, पण ते लपून राहता कामा नये. नजर आहे याची खूण फोनवर सतत दिसली पाहिजे.

नोकरीतही पहिला प्रश्न हाच विचारावा : फोन कुणाचा? कंपनीने दिलेल्या फोनवर कंपनीला बरेच काही पाहता येते. स्वतःच्या फोनवर कामाचा वेगळा कप्पा केला, तर कंपनीचा हात साधारणपणे त्या कप्प्यापुरताच पोहोचतो. घरचे फोटो, निरोप बाहेर राहतात. म्हणून तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत लागणाऱ्या आमच्या मुलामुलींनी सही करण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावे. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिलेला आहे.

मी बँकेत उभी हयात काढली. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असत, दोन अधिकाऱ्यांकडे. एकट्याला ती उघडता येत नसे. तपासनीस न सांगता येत. पण त्यात कुणाला अपमान वाटला नाही. कारण नियम सर्वांना ठाऊक होता आणि मॅनेजरही त्यातून सुटत नव्हता.

घरात हे सुचायला वेळ लागला. बिंग फुटल्यावर नातू बोलला काहीच नाही. फोन घरी ठेवून बाहेर जाऊ लागला. ज्या अॅपने तो सापडायचा, त्याच अॅपमुळे तो सापडेनासा झाला! दोन आठवड्यांनी बापलेक समोरासमोर बसले. चोरटे अॅप निघाले. आता दोघांचेही ठिपके एकमेकांच्या फोनवर दिसतात. रेंज नसलेल्या जागी जायचे तर आधी सांगून जायचे, असे ठरले.

परवा चिरंजीव मुंबईहून येत होते. घाटात त्यांचा ठिपका अडकला. नातू आजीला म्हणाला, ‘आजी, घाबरू नकोस. बाबा बोगद्यात असतील.’